सव्विसाव्या क्रमांकाची फेरतपासणी

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना गुण देणाऱ्या इतिहासकारांस खुले पत्र

मान्यवर इतिहासकारहो,



‘सी-स्पॅन’ या अमेरिकी वाहिनीच्या पाहणीत २०००, २००९, २०१७ आणि २०२१ अशा चार वेळा आपण आपल्या देशाच्या माजी राष्ट्राध्यक्षांना गुण दिलेत. शेवटच्या खेपेला गुण देणारे १४२ जण होते. निकष दहा. लोकांचे मन वळवण्याची हातोटी, संकटकाळातले नेतृत्व, अर्थकारण, नैतिक अधिकार, परराष्ट्र संबंध, प्रशासन, काँग्रेसशी जुळवून घेणे, दूरदृष्टी, समान न्यायासाठीची धडपड आणि आपल्या काळाच्या संदर्भातली कामगिरी. दर निकषाला दहापैकी गुण, मग सरासरी, मग क्रमांक. या यादीत जिमी कार्टर २००० साली बाविसावे होते, २००९मध्ये पंचविसावे झाले आणि पुढच्या दोन्ही पाहण्यांत सव्विसावे राहिले.

हा क्रमांक वर न्यावा किंवा खाली आणावा, असा अर्ज या पत्रात नाही. तक्रार आहे ती पाचव्या रकान्याबद्दल. परराष्ट्र संबंध या एका शीर्षकाखाली पनामा, कैरो, तेहरान, दिली, ग्वांगजू, ब्यूनोस आयरेस आणि तारापूर ही सगळी गावे एकाच आकड्यात कोंबली जातात. कार्टर यांच्या बाबतीत तो आकडा जितका दिशाभूल करतो, तितका क्वचितच दुसऱ्या कोणाच्या बाबतीत करत असेल.

२९ डिसेंबर २०२४ रोजी, वयाची शंभरी ओलांडून, कार्टर जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या आपल्या गावी वारले. ९ जानेवारीला वॉशिंग्टनच्या कॅथीड्रलमध्ये त्यांना शासकीय निरोप देण्यात आला. त्या दहा-बारा दिवसांत जगभर छापून आलेले मृत्युलेख कोणी एकत्र वाचले, तर महाराष्ट्रातल्या पालकांना एक ओळखीची गोष्ट सापडेल. आपल्याकडे दहावीच्या निकालात ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ नावाची सोय आहे. सहा विषयांपैकी ज्यात सर्वांत कमी गुण, तो विषय टक्केवारीतून वगळायचा. मृत्युलेखांनी कार्टर यांना हीच सवलत दिली. कॅम्प डेव्हिड घेतले, पनामा घेतला, मानवी हक्क घेतले. पूर्व तिमोर मोजलाच नाही. याउलट १९८० साली अमेरिकी मतदाराने नेमका सर्वांत कमी गुणांचा विषय तेवढा धरला, आणि रोनाल्ड रेगन यांना ४८९ प्रतिनिधी-मते देऊन कार्टर यांच्या पदरात ४९ टाकली.

यातल्या एकाही पद्धतीने त्या चार वर्षांत काय घडले ते कळत नाही. ते कळायचे तर प्रकरणे एकेक करून उघडावी लागतात. सुरुवात भारतीय वाचकाला जवळच्या प्रकरणापासून करू.

१९७७च्या अखेरीस कार्टर जगाच्या दौऱ्यावर निघाले. ३१ डिसेंबरची रात्र तेहरानमध्ये इराणचे सम्राट शहा यांच्या मेजवानीत गेली. तिथे चषक उंचावून कार्टर यांनी इराणला अशांत प्रदेशातले स्थैर्याचे बेट म्हटले आणि शहांवर प्रजेचे प्रेम असल्याचे सांगितले. वर्षभरानंतर, जानेवारी १९७९मध्ये, शहांना देश सोडून पळावे लागले. त्या मेजवानीच्या दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी १९७८ रोजी, कार्टर दिल्लीत उतरले. आणीबाणी उठून जेमतेम नऊ महिने झाले होते. पंतप्रधानपदी एके काळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असलेले मोरारजी देसाई होते. मतदाराने हुकूमशाही मतपेटीतून उलथवली याचे कार्टर यांना मनापासून कौतुक होते, आणि संसदेपुढच्या भाषणात ते त्यांनी बोलूनही दाखवले. मग ते गुडगावजवळच्या दौलतपूर नसीराबादला गेले. त्या गावाने त्यांच्या सन्मानार्थ कार्टरपुरी हे नाव घेतले.

याच मुक्कामात एक ध्वनिक्षेपक चुकून चालू राहिला. कार्टर परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांना हळू आवाजात सांगत होते, की परत गेल्यावर देसाईंना आणखी एक पत्र लिहू, थंड आणि अगदी रोखठोक. पत्रकारांनी ते ऐकले, आणि पाहुणचाराच्या दौऱ्याची बातमी पार बदलून गेली.

त्या रागाचे कारण होते तारापूर. १९६३च्या करारानुसार जनरल इलेक्ट्रिकने तिथे दोन अणुभट्ट्या उभारल्या. १९६९पासून त्या वीज देऊ लागल्या. भारताचे हे पहिले अणुवीज केंद्र. त्याला लागणारे समृद्ध युरेनियम तीस वर्षे अमेरिका पुरवणार, असा करार होता. मे १९७४मध्ये भारताने पोखरणला अणुचाचणी केली आणि वॉशिंग्टनचा सूर बदलला. मार्च १९७८मध्ये कार्टर यांनी अण्वस्त्रप्रसारविरोधी कायद्यावर सही केली. ज्या देशाला अमेरिकी अणुइंधन हवे, त्याने आपली सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीसाठी खुली केली पाहिजेत, अशी त्यात अट होती, आणि दोन वर्षांच्या मुदतीनंतर ती जुन्या करारांनाही लागू होणार होती. आधीच सही झालेल्या करारावर मागाहून नवी अट लादली जाते, हा देसाईंचा आक्षेप. स्वतः शस्त्रांचे ढीग रचणाऱ्यांनी आम्हाला तपासू नये, हा दुसरा. गंमत म्हणजे बाँब बनवू नये याबाबत देसाई आणि कार्टर यांचे मत जवळपास एकच होते. तरीही इंधन येणार की नाही या प्रश्नावर महाराष्ट्र-गुजरातकडे जाणाऱ्या विजेचा एक वाटा अधांतरी राहिला.

मुदत संपली मार्च १९८०मध्ये. त्याआधीच सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या होत्या आणि दिल्लीत इंदिरा गांधी परतल्या होत्या. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने तारापूरचे अर्ज एकमताने फेटाळले. त्यावर जून १९८०मध्ये कार्टर यांनी स्वतःचा अधिकार वापरून सुमारे ३८ टन इंधन पाठवायचा आदेश काढला. अर्ज मुदत संपण्यापूर्वी केलेले आहेत आणि भारताला या घडीला दुखावणे परवडणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. प्रतिनिधिगृहाने तो आदेश २९८ विरुद्ध ९८ मतांनी धुडकावला. सेनेटमध्ये मात्र तो हाणून पाडायला ४६ मते पडली, त्याच्या बाजूने ४८, आणि तो दोन मतांनी वाचला. रेगन यांच्या काळात, १९८२ साली, पुरवठ्याची जबाबदारी फ्रान्सने घेतली आणि हा घोळ मिटला.

आता सांगा, पाचव्या रकान्यात या प्रकरणाला किती गुण द्यायचे? कायदा तत्त्वाचा होता, म्हणून नऊ? दिलेला शब्द फिरवला, म्हणून तीन? अडचणीची वेळ येताच तत्त्व बाजूला ठेवले, म्हणून आणखी कमी? की भारताला दिलेला शब्द अखेर पाळला, म्हणून पुन्हा वर? मुंबईतला वाचक यातल्या प्रत्येकासाठी कारण देऊ शकेल. सरासरी काढली की पाच-सहा येतील, आणि त्या पाच-सहातून यातले अवाक्षरही कळणार नाही.

कॅम्प डेव्हिड हा कार्टर यांच्या कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला प्रसंग, आणि गाजावा असाच. सप्टेंबर १९७८मध्ये तेरा दिवस इजिप्तचे अन्वर सादात आणि इस्रायलचे मेनाखेम बेगिन मेरीलँडच्या डोंगरातल्या त्या विश्रामस्थळी राहिले. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांतच दोघांची इतकी वादावादी झाली, की पुढे कार्टर यांनी त्यांना समोरासमोर बसवणेच सोडले. ते स्वतः मसुदे घेऊन या कुटिरातून त्या कुटिरात जात राहिले. शेवटच्या दिवशी जेरुसलेमविषयीच्या एका पत्रावरून बेगिन बिथरले आणि निघायच्या बेतात होते. त्यांना आपल्या नातवंडांसाठी तिघा नेत्यांच्या सह्या असलेली छायाचित्रे हवी होती. कार्टर यांनी नातवंडांची नावे मागवून घेतली, एकेका छायाचित्रावर एकेक नाव स्वतःच्या हाताने लिहिले आणि ते बेगिन यांच्या कुटिरात घेऊन गेले. बेगिन नावे वाचू लागले आणि त्यांचे डोळे भरून आले. बोलणी तुटता तुटता राहिली.

२६ मार्च १९७९ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर तहावर सह्या झाल्या. १९४८ ते १९७३ या पंचवीस वर्षांत ज्या दोन देशांनी चार मोठी युद्धे केली, त्यांच्यात त्यानंतर एकही युद्ध झालेले नाही. सादात यांची ऑक्टोबर १९८१मध्ये हत्या झाली, अरब लीगने इजिप्तला दहा वर्षे बाहेर ठेवले, तरी तह टिकला. १९८२च्या एप्रिलमध्ये सिनाई इजिप्तला परत मिळाला.

पण कॅम्प डेव्हिडला सही झालेले दस्तऐवज दोन होते. एक इजिप्त-इस्रायल तहाचा आराखडा, दुसरा पश्चिम किनारा आणि गाझातल्या पॅलेस्टिनींच्या स्वायत्ततेचा. दुसऱ्याच्या वाटाघाटी चालू असेपर्यंत नव्या इस्रायली वसाहती होणार नाहीत असा शब्द बेगिन यांनी दिला, असे कार्टर यांचे म्हणणे. बेगिन म्हणत, शब्द फक्त तीन महिन्यांचा होता. कागदावर तसे स्पष्ट लिहून घेतलेले नव्हते. स्वायत्ततेची बोलणी विरून गेली, वसाहती वाढत गेल्या. सुएझच्या काठावरचा शेतकरी कॅम्प डेव्हिडला जे गुण देईल, ते रामल्लातला दुकानदार देणार नाही, आणि दोघांचीही बाजू खोटी नाही. एकाच करारात दिसणारे हे दोन निकाल एका आकड्यात कसे मावणार?

पनामाचा कालवा हे प्रकरण त्यामानाने साधे आहे, म्हणूनच बोधप्रद. सप्टेंबर १९७७मध्ये कार्टर आणि पनामाचे नेते ओमार तोर्रिहोस यांनी कालवा पनामाला देण्याच्या करारांवर सह्या केल्या. अमेरिकेत त्याविरुद्ध रान उठले. रेगन यांची पुढची लोकप्रियता त्या रानातूनच वाढली. सेनेटने १९७८मध्ये दोन्ही करार ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले. लागत होती ६७. त्या बाजूने मत देणारे कित्येक सेनेटर पुढच्या निवडणुकांत आपटले. ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवा पनामाच्या ताब्यात गेला. लाभ ज्यांना झाला त्यांना अमेरिकेत मत नव्हते, आणि ज्यांना मत होते त्यांनी किंमत वसूल केली. २० जानेवारी २०२५ रोजी, कार्टर यांच्या अंत्यविधीनंतर अवघ्या अकरा दिवसांनी, डोनाल्ड ट्रम्प यांनी शपथविधीच्या भाषणात कालवा परत घेण्याची भाषा केली. एका राष्ट्राध्यक्षाने मिटवलेला वाद सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांनी दुसरा उकरून काढू शकतो. मग आपल्या पाहणीत त्या कराराचे गुण कोणत्या तारखेचे धरायचे?

मानवी हक्कांचे प्रकरण सर्वांत अवघड. त्याबद्दल आपण कार्टर यांना ‘नैतिक अधिकार’ या रकान्यात भरघोस गुण देता, म्हणून ते नीट पाहायला हवे.

ऑगस्ट १९७७मध्ये परराष्ट्र खात्याच्या मानवी हक्क विभागाच्या प्रमुख पॅट्रिशिया डेरियन अर्जेंटिनात, ब्यूनोस आयरेसला गेल्या. नौदलप्रमुख एमिलिओ मासेरा यांनी त्यांची भेट नौदलाच्या तंत्रशाळेत ठेवली. लष्करशाहीचे सर्वांत कुप्रसिद्ध यातनागृह त्याच आवारात होते. डेरियन यांनी तोंडावर सांगितले, की आपण इथे बोलत असताना खालच्या मजल्यावर कोणाचा तरी छळ चालू असणार. मासेरा हसले, हात धुतल्यासारखे एकमेकांवर चोळले आणि येशूच्या वधाची जबाबदारी हात धुऊन झटकणाऱ्या पाँटियस पिलाताची गोष्ट आठवते ना, असे विचारले. अमेरिकेने अर्जेंटिनाची लष्करी मदत तोडली. संपादक हाकोबो तिमेरमान १९७९मध्ये तुरुंगातून आणि नजरकैदेतून सुटून देशाबाहेर पडले. आपला जीव वाचवण्यात कार्टर यांच्या धोरणाचा वाटा होता, हे ते पुढे सांगत राहिले. दक्षिण अमेरिकेत अशी माणसे बरीच आहेत. एखाद्या परदेशी धोरणामुळे जिवंत राहिलेला माणूस नाव-गावासह दाखवता येणे इतिहासात फार विरळ.

आता नकाशा फिरवा. इंडोनेशियाने डिसेंबर १९७५मध्ये पूर्व तिमोरवर (राजधानी दिली) आक्रमण केले, ते जेरल्ड फोर्ड यांच्या काळात. पण १९७७ आणि १९७८मध्ये, जेव्हा डोंगरांत लपलेल्या तिमोरींवर बाँब पडत होते आणि दुष्काळाने माणसे मरत होती, तेव्हा इंडोनेशियाला शस्त्रे मिळत राहिली ती कार्टर यांच्या प्रशासनाकडून. मे १९७८मध्ये उपाध्यक्ष वॉल्टर माँडेल जकार्ताला जाऊन आले आणि स्कायहॉक लढाऊ विमानांच्या विक्रीचा मार्ग मोकळा झाला. तिमोरच्या सत्यशोधन आयोगाने पुढे काढलेल्या हिशेबानुसार १९७४ ते १९९९ या काळातल्या संघर्षाने किमान १ लाख २ हजारांवर बळी घेतले. बेटाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम सहा-सात लाख होती.

मे १९८०मध्ये दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात लष्करी राजवटीविरुद्ध नागरिक उठले. छत्रीधारी सैनिकांनी विद्यार्थ्यांना रस्त्यात बडवले, गोळ्या घातल्या. २२ मे रोजी व्हाइट हाउसमधल्या बैठकीत ठरले, की आधी शांतता प्रस्थापित होऊ दे, मग लोकशाहीविषयी बोलू. कोरियन तुकड्या शहराकडे हलवायला अमेरिकेने हरकत घेतली नाही. २७ मेच्या पहाटे सैन्याने ग्वांगजू ताब्यात घेतले. अधिकृत मोजणीतच दीडशेहून अधिक नागरिक दगावले. पुढे याच प्रशासनाने, आणि मग रेगन यांच्या माणसांनी, फाशीची शिक्षा झालेले विरोधी नेते किम दे-जुंग यांचा जीव वाचावा म्हणून जोर लावला. ते वाचले, १९९८मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. एकाच देशात, एकाच वर्षात, या दोन गोष्टी.

आणि एल साल्वाडोर. १७ फेब्रुवारी १९८० रोजी सान साल्वाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी कार्टर यांना पत्र लिहिले. आपण ख्रिस्ती आहात, मानवी हक्कांची बाजू घेतो असे म्हणता, तर इथल्या लष्कराला मदत देऊ नका, कारण ती गरिबांवरच वापरली जाईल, असा त्याचा आशय होता. रविवारच्या प्रवचनात त्यांनी ते लोकांना वाचूनही दाखवले. उत्तर परराष्ट्रमंत्र्यांकडून आले, मदत थांबली नाही. २४ मार्चला रोमेरो यांना प्रार्थना चालू असताना गोळी घालण्यात आली. डिसेंबरमध्ये चार अमेरिकी धर्मसेविकांची हत्या झाली तेव्हा कार्टर यांनी मदत रोखली, आणि जानेवारी १९८१मध्ये, खुर्ची सोडण्याच्या काही दिवस आधी, पुन्हा चालू केली.

या सगळ्यांना जोडणारा धागा शोधायला फार खोल जावे लागत नाही. जिथे सोव्हिएत संघाची धास्ती नव्हती तिथे तत्त्व चालले; जिथे होती तिथे तत्त्वाला रांगेत मागे उभे केले. हे दुटप्पीपण कार्टर यांनी शोधून काढलेले नाही. त्यांच्याआधीच्यांनी तत्त्वाचे नाव क्वचितच काढले होते. पण तिमेरमान वाचले, या अधिकमधून तिमोरचे उणे वजा करून उरलेली रक्कम म्हणजे ‘नैतिक अधिकार ७’ असे मांडणे हे इतिहासकाराचे काम नव्हे.

इराणमध्ये कार्टर यांना मिळालेला वारसा आधीच कुजलेला होता. १९५३मध्ये पंतप्रधान मोसाद्देक यांचे सरकार पाडण्यात अमेरिकेचा हात होता, आणि निक्सन यांनी शहांना हवी ती शस्त्रे विकली होती. कार्टर यांच्या स्वतःच्या खात्यावर दोन गोष्टी पडतात. तेहरानची ती स्तुती, आणि २२ ऑक्टोबर १९७९ रोजी कर्करोगाच्या उपचारांसाठी शहांना अमेरिकेत घेण्याचा निर्णय. हेन्री किसिंजर आणि डेव्हिड रॉकफेलर यांनी त्यासाठी तगादा लावला होता. कार्टर यांना धोका दिसत होता, तरी ते वाकले. ४ नोव्हेंबरला तेहरानमधली अमेरिकी वकिलात ताब्यात घेतली गेली. ५२ जण ४४४ दिवस ओलीस राहिले. एप्रिल १९८०मध्ये सुटकेसाठी पाठवलेल्या आठ हेलिकॉप्टरांपैकी पाचच धड उरली, गरज किमान सहाची होती. इराणच्या वाळवंटात मोहीम गुंडाळताना एक हेलिकॉप्टर मालवाहू विमानावर आदळून आठ सैनिक मेले. मोहिमेला आधीपासून विरोध करणाऱ्या व्हान्स यांनी राजीनामा दिला. अल्जीरियाच्या मध्यस्थीने अखेर करार झाला, आणि रेगन यांनी शपथ घेतल्यावर काही मिनिटांत विमान तेहरानहून उडाले. ते ५२ जण जिवंत घरी परतले. ‘संकटकाळातले नेतृत्व’ या रकान्यात वाळवंटातले जळते विमान मोजले जाते. न केलेले युद्ध आणि परत आलेली माणसे मोजली जातात का?

अफगाणिस्तानात प्रश्न उलटा आहे. तिथे कार्टर यांनी जे सुरू केले ते लहान होते, वाढवले दुसऱ्यांनी. ३ जुलै १९७९ रोजी, सोव्हिएत आक्रमणाच्या सहा महिने आधी, त्यांनी बंडखोरांना गुप्त मदत द्यायचा आदेश दिला. रक्कम लाखांत होती, शस्त्रे नव्हती. आक्रमणानंतर ती मदत शस्त्रांची झाली, पाकिस्तानमार्गे जाऊ लागली. एप्रिल १९७९मध्ये कहुट्याच्या अणुप्रकल्पावरून ज्या पाकिस्तानची मदत तोडली होती, त्यालाच १९८०च्या सुरुवातीला ४० कोटी डॉलर देऊ केले. झिया-उल-हक यांनी त्याला ‘शेंगदाणे’ म्हणून हिणवले. भुईमुगाच्या शेतीवर मोठ्या झालेल्या राष्ट्राध्यक्षाला हा टोला नेमका बसला. मोठा पैसा रेगन यांनी ओतला. जानेवारी १९८०मध्येच कार्टर यांनी जाहीर केले, की पर्शियन आखातावर कोणी बाहेरची सत्ता ताबा मिळवू पाहील तर अमेरिका लष्करी बळासह लागेल ते करील. त्यासाठी उभारलेल्या शीघ्र कृती दलातून १९८३मध्ये ‘सेंटकॉम’ झाले, आणि पुढची इराक-अफगाणिस्तानची युद्धे तिथूनच चालवली गेली. यातले कार्टर यांच्या नावावर किती, हे ठरवायला पाहणीच्या अर्जात जागाच नाही.

आपण म्हणाल, दहावा निकष त्यासाठीच आहे, ‘आपल्या काळाच्या संदर्भातली कामगिरी’. पण तो काळ मोजला जातो वॉशिंग्टनच्या घड्याळावर. शीतयुद्धाच्या दडपणाखाली व्हाइट हाउसमध्ये कोणते पर्याय होते, हे आपण फार बारकाईने जाणता. ग्वांगजूच्या प्रांतिक सरकारी भवनात कोणते होते, हे त्या निकषात येत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला वेगळी ठेवावी लागेल, आणि महाराष्ट्रातल्या वाचकालाही ती जड जाईल. कार्टर यांच्या आई लिलियन यांनी १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, पीस कोरमध्ये नाव घातले आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीतल्या दवाखान्यात रुग्णसेवा केली. त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रांचे पुस्तकही झाले. स्वतः कार्टर २००६मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवली भागात पाटण गावी आले आणि ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’च्या घरबांधणीत हातात हातोडी घेऊन राबले, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. त्यांच्या कार्टर सेंटरने नारूच्या निर्मूलनाचे काम हाती घेतले तेव्हा जगात वर्षाला सुमारे ३५ लाख रुग्ण होते. २०२३मध्ये १४ उरले. पायविहिरीचे पाणी पिऊन पायातून नारू काढून घेतलेली माणसे महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीने पाहिली आहेत, त्यामुळे या कामाचे मोल इथे कोणी समजावून सांगायला नको. पण भारतातला नारू भारताच्याच राष्ट्रीय कार्यक्रमाने संपवला आणि २०००मध्ये देश नारूमुक्त ठरला, हेही खरे. २००२चे नोबेल, पाटणची घरे, नारूचे रुग्ण हे सारे माजी राष्ट्राध्यक्षाचे पुण्य आहे. ते १९७७ ते १९८१च्या गुणांत मिसळले, तर दिलीतल्या माणसावर अन्याय होतो. पाहणीत कार्टर यांचा क्रमांक घसरत गेला, यावरून आपण ही सरमिसळ बरीचशी टाळली असावी. मृत्युलेखांनी टाळली नाही, आणि पुढच्या पिढीतले गुण देणारे तेच मृत्युलेख वाचून मोठे होणार आहेत.

तेव्हा पुढच्या पाहणीच्या वेळी काही बदल जरूर करून पाहावेत. परराष्ट्र संबंधांचा एक रकाना मोडून दर राष्ट्राध्यक्षासाठी सहा-सात ठळक प्रकरणे ठरवावीत आणि प्रत्येकाला वेगळे गुण द्यावेत. सरासरी छापायचीच असेल तर ती प्रकरणांच्या खाली छापावी, वर नव्हे. प्रत्येक प्रकरणात आधीच्याकडून काय आले, स्वतः काय ठरवले आणि पुढच्यांनी त्याचे काय केले, हे तीन ओळींत नोंदवावे. गुण कोणत्या वर्षी दिले ते सोबत लिहावे, म्हणजे पनामाचा आकडा १९७८चा, १९९९चा की २०२५चा हे वाचणाऱ्याला कळेल. आणि या एका विषयापुरते गुण देणाऱ्यांत कैरो, रामल्ला, सोल, दिली, ब्यूनोस आयरेस आणि दिल्लीच्या अभ्यासकांना बसवावे. संबंध दोन बाजूंचे असतील तर परीक्षकही दोन्ही बाजूंचे हवेत. १४२ जणांच्या मंडळात अशा वीस-पंचवीस खुर्च्या मांडणे अशक्य नाही.

प्रयोग कार्टर यांच्यापासूनच सुरू करावा. त्यांच्या काळातली सरकारी कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर खुली झाली आहेत आणि अटलांटातल्या त्यांच्या ग्रंथालयात ती कोणालाही पाहता येतात. ज्यांनी ते निर्णय भोगले त्यांच्यापैकी बरेच जण अजून हयात आहेत आणि बोलायला तयार आहेत. रोमेरो यांचे पत्र आणि त्याला व्हान्स यांनी दिलेले उत्तर, दोन्ही उपलब्ध आहेत. गुण देण्याआधी मंडळातल्या प्रत्येक सदस्याला त्या दोन्हींची एकेक प्रत पाठवावी, ही या पत्राची शेवटची विनंती.

कळावे,
आपला,
मुंबईतला एक वाचक